हाकाऱ्याचा वाटा

ऊसतोडीचा हंगाम सरत आला की सगळ्या शिवारात शेवटी एकच फड उभा राहतो. भोवतालची रानं तुटलेली, पाचट जाळून काळी केलेली, आणि मधोमध तेवढा एक हिरवा चौकोन. महिनोन्‌महिने कोयत्यांपुढं सरकत आलेली सगळी जनावरं त्या चौकोनात कोंडलेली असतात. ससे, खोकडं, साळिंदरं, कोल्ह्याचं एखादं जोडपं. गावाचं नशीब असलं तर रानडुकरं. कोयनेच्या काठी, मलकापुरापासून हाकेच्या अंतरावर सयाजीचं गाव. तिथं त्या दिवशी शाळासुद्धा आपोआप सुटायची. काठ्या, कुऱ्हाडी, भाले घेऊन माणसं फडाला वेढा घालायची. कुत्री दाव्याला हिसके द्यायची. सगळं जमलं की कुणीतरी ओरडायचं,

"सयाजीला सोडा रं आत!"

सयाजी त्या गावचा हाकारी. आत शिरून हाका घालायच्या आणि जनावर वेढ्यावर ढकलायचं, हे त्याचं काम. उंचीला बेताचा, अंगानं काटक, पण गळा असा की नदीच्या अल्याड हाक दिली तर पल्याडच्या वडावरची वटवाघळं उठायची. पलटणीत होता तेव्हा त्याचा सुभेदार म्हणायचा, "शिंदे बरोबर असला की वायरलेसचं ओझं कशाला?" त्या हाकेत शब्द नसायचा. बेंबीच्या देठापासून निघायची, वर येता येता फुगायची आणि शेवटी कापड फाडल्यासारखी टरकायची. ती ऐकून लपलेलं जनावर लपलेलं राहूच शकायचं नाही.

आत शिरला की उसाची पानं गाल कापायची. पुढं सळसळ व्हायची, एखादी पाठ दिसायची, एखादं शेपूट दिसायचं. मग बाहेरून आवाज यायचे. काठी हाडावर बसल्याचा. कुत्र्यांचा. ससा मरताना तान्ह्या पोरासारखा ओरडतो, त्याचा. सयाजीला शिकार कधी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. तो बाहेर येईतोवर बांधावर रक्ताचं थारोळं झालेलं असायचं आणि बिनकामाची माणसं आपण कसा घाव घातला ते एकमेकांना करून दाखवायची.

वाटणीचा रिवाज जुना होता. पहिला घाव घालील त्याला फरा, बंदूकवाल्याला काळीज, कुत्रीवाल्याला आतडी आणि हाकाऱ्याला मुंडकं. बंदूक गावात एकच, सयाजीच्या चुलतभावाची. नानासो त्याचं नाव. साखर कारखान्याचा डायरेक्टर, दाराशी जीप, बोटात अंगठ्या. दोघं एका अंगणात वाढलेले. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं बार काढायचा, हे मिसरूड फुटायच्या आधीपासून ठरून गेलेलं.

पंचाहत्तर सालच्या फडात ती डुकरीण निघाली.

सयाजी फडाच्या पार मध्यात पोचला होता. पुढं सरीत ती उभी होती, आणि तिच्या पोटाखाली पट्ट्यापट्ट्यांची पिलं एकमेकांना चिकटली होती. ती पळेना. मानेवरचे केस उभे करून नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. सयाजीही थांबला. आजवर त्याच्या समोर कुठलं जनावर असं उभंच राहिलं नव्हतं. त्याला वाटलं, आणखी थोडा वेळ बघावं.

"आरं झोपला का सयादा!" बाहेरून नानासो ओरडला. "घाल की हाक!"

आणि सवयीनं तोंड उघडलं. तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर त्यानं हाक दिली. डुकरीण मागच्या मागं उसळली, ऊस मोडत गेली, पिलं तिच्यामागं. दोन बार झाले. पहिल्यानं ती बसली, पण मेली नाही. पुढच्या पायांवर फरफटत परत उसात यायला बघत होती. चौघांनी तिला कुऱ्हाडीनं उभी तोडली. पिलांना काठ्याच पुरल्या. सयाजी फडाच्या कडेला आला तेव्हा एक पिलू उलटं धावत येऊन त्याच्या पायांत शिरलं, आणि नानासोनं ते तिथंच, त्याच्या दोन पायांमध्ये, बंदुकीच्या दस्त्यानं चेचलं.

"घे," संध्याकाळी पळसाच्या पानांवर मुंडकं ठेवत नानासो म्हणाला. "तुझा मान."

डुकरिणीचे डोळे उघडे होते. सयाजीनं मुंडकं पानांसकट उचललं, नदीवर गेला आणि पाण्यात सोडून दिलं.

घरी आला तर अंगणातल्या कोंबड्या त्याला बघून चारी वाटा उधळल्या. रोजच उधळायच्या. गोठ्यातला बैल त्याचा हात पाठीवर पडला की कातडं थरथरवायचा. तेही रोजचंच. त्या दिवशी मात्र सयाजी उंबऱ्यातच बसला.

"रंगू," तो बायकोला म्हणाला, "माझ्या तोंडाकडं बघून आजवर एकबी जनावर थांबलं न्हाई बघ."

रंगूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "मी न्हाई का थांबले? एवढी वर्सं?"

"तू जनावर हाईस व्हय?"

"तुमच्या आईला इचारा. ती तर म्हणायची, बैलापरीस बरी राबती."

ती हसली, पण तो हसला नाही. भाकरी तव्यावर टाकून ती त्याच्याकडं बघत राहिली. "थांबलं व्हतं ना आज एक?" तिनं हळूच विचारलं. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"थांबलं व्हतं," सयाजी म्हणाला. "मीच पळीवलं."

त्यानंतर त्याच्या डोक्यात तेवढं एकच बसलं. मरायच्या आत एकदा, एक तरी जित्रब आपल्याला भ्यालं नाही असं बघायचं. माणसं देवाला काय काय मागतात. यानं एवढंच मागितलं.

हळद घेऊन तो सांगलीला जायचा ती जवाहरशेठच्या पेढीवर. जवाहर जैन, सांगलीच्या पेठेत त्याचा हळदीचा आणि नारळाचा व्यापार. घराच्या गच्चीवर पाखरांना दाणे टाकायची त्यांची पिढीजात रीत. सयाजीचं बोलणं ऐकून त्यानं हातातलं हळकुंड खाली ठेवलं.

"सयाजीराव, थट्टा करत नाही ना?"

"शेट, थट्टा करायचं वय हाय का माझं?"

"मग ऐका. मालवणाच्या पुढं आत समुद्रात, लय आत, एक खडक हाय. झाड न्हाई, माणूस न्हाई, गोडं पाणी न्हाई. उन्हाळ्यात तितं पाखरं अंडी घालतात. कोळी त्यांना भोळी म्हणतात. का, तर तुमी शेजारी जाऊन बसलात तरी उठत न्हाईत. माणूस म्हंजे काय, ते त्यांना ठावंच न्हाई."

सयाजी पुढं सरकला. "तुमी बघितलंय?"

"दोनदा. नारळाच्या सौद्याला जातो, तसाच पुढं जातो. घरी सांगत न्हाई. कोळ्याच्या मचव्यात बसलो म्हणून कळलं तर आमची आक्काताई मला दारातच आंघोळ घालंल."

मग कशानं जायचं ते दोघांनी बोलून ठरवलं, बोलला जवाहरच. किनाऱ्यानं जाणारी आगबोट मोठी, तीत झोपायला जागा, चहा मिळतो, पण ती खडकाला लागत नाही. दुरून पांढरे ठिपके बघून टाळ्या वाजवायच्या. डिझेलची लाँच आहे. एका दिवसात नेऊन आणते, पण तीत वीस माणसं, कोंबडीचा रस्सा आणि ट्रान्झिस्टर. "तिच्या इंजिनानं मासासुदिक बहिरा हुईल." राहिला बाबी तांडेलचा मचवा. शिडाचा, चार माणसांचा. फळ्यांवर झोपायचं, उलट्या करत जायचं, वारा देईल तेव्हा पोचायचं.

"आणि त्या तांडेलाच्या अटी हायेत," जवाहर म्हणाला. "बंदूक न्हाई. काठी न्हाई. त्यानं खूण केल्याबिगार पाय टाकायचा न्हाई. आणि खडकावर हाक मारायची न्हाई."

सयाजीला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. "मला? हाक न मारायची अट?"

"जमंल?"

"मचवाच," सयाजी म्हणाला. "दुसरं काय नगं."

निवड बरोबर होती. चूक झाली ती गावात परतल्यावर, आणि ती चूक शिकारीच्या गावातल्या माणसाच्या हातूनच व्हावी अशी होती. त्या साली फॉरेस्टवाल्यांनी चावडीवर नोटीस डकवली होती. नवा कायदा आलाय, फड वेढून जनावर मारलं तर आत जाल. नानासो जीपला टेकून शिव्या घालत होता. भोवती त्याची चार माणसं. सयाजी आनंदात होता, आणि आनंदातल्या माणसाला कुणापुढं काय बोलावं ते कळत नाही. त्यानं भोळ्यांची गोष्ट सांगितली. हातवारे करून सांगितली.

"हात लावला तरी उडत न्हाईत?" नानासोनं विचारलं.

"बसून ऱ्हात्यात. बघत बसत्यात तोंडाकडं."

"आणि किती असतील?"

"खडक दिसत न्हाई म्हणं, एवढी."

"आणि तितं फॉरेस्टवाला?"

"समुद्रात कुठला आलाय, लेका!"

सगळे हसले. सयाजीही हसला. आपण आयुष्यभर ज्यांना जनावर उठवून दिलं, त्यांना आता न उठणाऱ्या जनावराचा पत्ता देतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. रंगूबाईच्या ते रात्री जेवताना ध्यानात आलं. "नानासाहेबांफुडं बोललासा?" एवढंच म्हणाली आणि ताटातला घास तसाच ठेवला.

चैत्रात तो आणि जवाहर निघाले. फोंड्याच्या घाटातून एसटीनं उतरले, मालवणला बाबी तांडेलाच्या मचव्यात बसले. तांडेल वाळलेल्या बांगड्यासारखा काळा, सुकलेला, कमी बोलणारा. समुद्रानं पहिल्या रात्रीच देशावरच्या माणसाला त्याची जागा दाखवली. लाट मचव्याला खालून ठोसा मारायची, फळी पाठीत घुसायची, तोंडात खारं पाणी. सयाजीनं ओकून ओकून आतडी पिळून काढली. जवाहर डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होता, आणि मध्येच थांबून, "सयाजीराव, आगबोटीत चहा मिळतो बरं का," असं कण्हत होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर खडक दिसला. आधी वास आला, कोंबड्यांच्या खुराड्याचा असतो तसा, आणि मग कलकलाट. तांडेलानं हात वर केला. दोघं गुडघाभर पाण्यात उतरले, वाकून, जवळजवळ रांगत वर गेले.

पाखरं काळपट तपकिरी होती, डोक्यावर राख फासल्यासारखी टोपी. प्रत्येकाखाली एकच अंडं, उघड्या दगडावर. पाय टाकायला जागा नव्हती. सयाजी सर्वांत जवळच्या पाखराच्या समोर मांडी घालून बसला. पाखरानं मान वाकडी करून त्याच्याकडं बघितलं, एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं. उठलं नाही. पुढं सरकून त्याच्या पायाच्या अंगठ्याला चोच लावली, हा काय दगड आहे बघावं तशी, आणि परत अंड्यावर बसलं.

सयाजीनं हात पुढं केला. "भ्यालं न्हाई," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "शेट, बघा की. भ्यालं न्हाई."

बोटं पिसांपासून वीतभर असताना इंजिनाचा आवाज आला.

मालवणातून मचव्याचा माग काढत आलेली लाँच सरळ खडकाला येऊन भिडली. आधी नानासो उतरला, मागं त्याची चार माणसं. हातात काठ्या होत्या, गावातल्याच, लोखंडी टोप्या बसवलेल्या. फडाला वेढा घालताना धरायच्या त्याच.

"आरं सयादा!" नानासो लांबूनच ओरडला. "खरं बोललास की गड्या! बंदूक हाय लाँचमदी, पर काडतूस कशाला घालवायचं?"

आणि त्यानं पहिली काठी फिरवली. काठीसरशी तीन पाखरं चेंदली. शेजारचं चौथं बघत राहिलं. दुसऱ्या काठीत तेही गेलं. मग पाचजण रांगेनं, ज्वारी झोडावी तसे झोडत वर आले. रक्त आणि अंड्यांचा बलक दगडावरून एकत्र वाहायला लागला. पंख तुटलेली पाखरं गोल गोल फिरत होती, आणि बाकीची, अजून काठी न लागलेली, जागची हलत नव्हती. ती माणसांच्या तोंडाकडं बघत होती.

"नाना! थांब!" सयाजी धावला. त्यानं नानासोची काठी धरली, डोकं त्याच्या तोंडावर आपटलं. नानासोचा ओठ फुटला, दात लालभडक झाले. दोघांनी सयाजीला मागून ओढलं. तिसऱ्याची काठी गळ्याच्या हाडावर बसली आणि ते हाड मोडल्याचं त्याला आतून ऐकू आलं, तो खाली बसला. जवाहर हात पसरून पाखरांपुढं उभा राहिला. "माणसं हाय का कोण तुमी? आवं, अंडी उबवतायत ती!" त्याच्या कपाळावर काठी पडली, तो बसला, चष्मा रक्तात पडला. खालून तांडेल वल्हं घेऊन शिव्या देत चढत होता, पण एका वल्ह्यानं पाच काठ्या थांबत नसतात.

नानासोनं तोंडातलं रक्त थुंकलं. राग गेला होता. शिकारीत त्याचा राग फार वेळ टिकायचा नाही. वाकून त्यानं एका मेलेल्या पाखराचं डोकं पिरगाळून तोडलं आणि सयाजीच्या छातीवर भिरकावलं.

"घे तुझा वाटा! फुकटचा! आज तुझ्या हाकंची गरजच पडली न्हाई बघ."

राखेच्या टोपीचं ते इवलंसं मुंडकं सयाजीच्या मांडीवर पडलं. डोळा उघडा होता. आणि नानासोचे शब्द त्याच्या डोक्यात उलटे फिरले. आज हाकेची गरज पडली नाही, म्हणून तर मरतायत ही. काठी वरून खाली येते, आणि ह्यांना पळावं ते कुणी शिकवलंच नाही.

शिकवणारा एकच माणूस होता त्या खडकावर.

तो उठला. मोडलेलं हाड कातडीला आतून टोचत होतं, हात लोंबत होता. फुप्फुसात मावेल तेवढा वारा त्यानं भरून घेतला आणि हाक दिली.

काठ्या थांबल्या. माणसं दचकली. पाखरं नाही. दोनचार पंख हलले आणि परत मिटले. आवाज पुरणार नव्हता. ती तोंडाकडं बघत होती ना. मग तोंडच दाखवायला हवं होतं.

समोर ते मघाचं पाखरू बसलं होतं, अंगठ्याला चोच लावणारं. सयाजी त्याच्यावर धावून गेला. तोंड फाडून, डोळे वटारून, त्याच्या चोचीशी तोंड नेऊन त्यानं फडातली ती हाक दिली. तीच, डुकरिणीला दिलेली. थुंकी आणि रक्त पाखराच्या टोपीवर उडालं. त्यानं पायानं दगड उडवले, हातानं पिसांवर फटका मारला. इतका वेळ ज्या हाताला त्या पिसांची आस होती, तोच हात.

पाखरू उठलं. किंचाळत उठलं, आणि त्याच्या किंचाळण्यानं शेजारचं उठलं, त्यानं पुढचं. सयाजी खडकभर धावत सुटला, लाथा घालत, ओरडत, वेड लागल्यासारखा. आणि मग सगळा खडकच उचलला गेल्यासारखा वर गेला. ऊन झाकलं. हजारो पंखांचा वारा खाली बसला, विष्ठा पावसासारखी कोसळली. नानासोची माणसं डोकी झाकून पालथी पडली. एकजण घसरून काठावरच्या शिंपल्यांवर सोलपटून निघाला आणि बोंबलत राहिला. काठी मारायला खाली एकही पाखरू उरलं नव्हतं.

सयाजी मधोमध उभा होता. आवाज गेला होता. तोंड उघडं, पण आता नुसती हवा येत होती.

"भडव्या," नानासो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. "घास काढून घेतलास तोंडातला."

बाबी तांडेल वर बघत होता. मग त्यानं सयाजीचा चांगला हात धरला. "चल आता. तू हंयसर आसस तवसर ती उतरूची नाय. उन्हान अंडी शिजतली."

सयाजी लगेच निघाला. जाताना त्यानं नानासोच्या दंडाला धरलं, एका हातानं, आणि त्याला उताराकडं ओढलं. आश्चर्य म्हणजे नानासो आला. एकट्यानं त्या किंचाळणाऱ्या आभाळाखाली थांबायची त्याचीही छाती झाली नसावी. त्याच्यामागं त्याची माणसंही लाँचवर चढली.

मचवा बराच लांब गेल्यावर पाखरं उतरायला लागली. आधी एक, मग झुबके. जवाहर कपाळाला धोतराचा सोगा दाबून बसला होता. "उतरली, सयाजीराव. बघा." सयाजीनं बघितलं. त्याच वेळी नानासोच्या लाँचचं इंजिन सुरू झालं, आणि त्या आवाजासरशी सगळी पाखरं एका झटक्यात पुन्हा हवेत गेली. सकाळी ह्याच आवाजाला ती हलली नव्हती. सयाजीनं मान वळवली आणि वाटभर तोंड गुडघ्यांत घातलं.

गावी आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता आणि गळ्यातून घोगरा खरखराट येत होता. अंगणातल्या कोंबड्या नेहमीप्रमाणं उधळल्या. रंगूबाईनं मिठाचं कोमट पाणी केलं, गुळण्या करवल्या, हळद घातलेलं दूध पाजलं. मग कंदील बारीक करताना तिला राहवलं नाही.

"थांबलं का वो एखादं?"

"थांबलं व्हतं," सयाजी म्हणाला. "अंगठ्याला चोच लावली त्यानं."

"मग?"

सयाजीनं भिंतीकडं तोंड केलं.

"मग मी हाक दिली."

रंगूबाईनं त्याच्या अंगठ्याकडं बघितलं. खालच्या अंगाला सरकली आणि तो अंगठा मुठीत धरून बसून राहिली.